हौसेचे मोल

‘हौसेला मोल नाही’ अशी एक म्हण आपल्याकडे फार प्रेमाने वापरली जाते. लेकीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च झाला, मुलाने पहिल्या पगारातून तबला-डग्गा आणला, आजोबांनी उतारवयात पेटी शिकावयास आरंभ केला, की घरातील कोणीतरी ही म्हण उच्चारते आणि हिशेबाची वही मिटली जाते. म्हणीचा मान राखूनही आम्हांस असे म्हणावेसे वाटते की, तिच्यात अर्धेच सत्य आहे. हौशी मनुष्य आपल्या हौसेचे मोल मोजीत बसत नाही, हे खरे. परंतु त्याने ते मोजले नाही म्हणून ते पडावयाचे राहते असे नव्हे. ते पडतेच, आणि पुष्कळदा ते अशा कोणाच्या तरी गाठीचे जाते, की ज्यास त्या हौसेविषयी कोणी विचारलेलेही नसते. हे मोल कोण देतो, आणि त्याच्याकडून ते घेण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हा प्रश्न आम्हांस निव्वळ सोयीगैरसोयीचा वाटत नाही. तो नीतीचा आहे. गाण्याबजावण्याच्या हौसेपुरता त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

देहू-आळंदी रस्त्यावर तळवडे म्हणून गाव आहे. गाव म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. कारण १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि रुपीनगर, त्रिवेणीनगर यांसारख्या दाट वसाहतींनी व कारखान्यांच्या पत्र्यांनी जुन्या शिवाराची खूण आता फार थोडी ठेवली आहे. एका अंगास देहू, दुसऱ्या अंगास निगडी-चिंचवड, आणि इंद्रायणी ओलांडून पलीकडे गेले की चाकण. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील दोन तपांत चिंचवड-भोसरीचा माळ यंत्रांनी भरून गेला. त्यानंतर चाकणच्या बाजूस मोटारींचे कारखाने उभे राहिले. आणि खुद्द तळवड्यास संगणकाच्या कामाची मोठी संकुले झाली. या सर्वांच्या पाठोपाठ मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सातारा-सांगली अशा चहूंकडून माणसे आली, व येताना आपापली वाद्येही घेऊन आली. कोणी गावच्या सप्ताहात शिकलेला पखवाजाचा हात आणला, कोणी हलगी आणली, कोणी लग्नाच्या वरातीतील बेंजो आणला. सायंकाळी या बाजूने कोणी फिरावयास निघाल्यास एका देवळातून हरिपाठ ऐकू येईल, मोकळ्या भूखंडावर ढोलताशाचे पथक सरावास उभे असलेले दिसेल, आणि एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार तरुण गिटार व ड्रम घेऊन शनिवारच्या कार्यक्रमाची तयारी करीत असतील. या मंडळींपैकी बहुतेकांचे पोट वाद्यावर चालत नाही. दिवसा ते जोडारी करतात, मालाची तपासणी करतात, संगणकापुढे बसतात. वाजवितात ते हौसेने.

ज्याचा संसारच विद्येवर चालतो अशा गवयाची किंवा बजवय्याची गोष्ट वेगळी आहे. तो रात्री घराबाहेर राहिला तर दुकानदार दुकानात राहतो तसाच राहिला. घर त्याच्या अनुपस्थितीवरच जेवत असते. हौशी माणसाने मात्र दिवसाचे आठ तास आधीच दुसरीकडे विकलेले असतात. जाण्यायेण्यात व रस्त्यावरच्या गर्दीत आणखी तास-दोन तास जातात. झोप, स्नान, भोजन वजा जाता जे काय उरते, तेवढ्यातच त्याचा ताशा, त्याचे मित्र आणि त्याची मुले या तिघांनाही दाटीवाटीने बसावयाचे असते. त्यातून या पट्ट्यात पाळ्यांचे चक्र आहे. या आठवड्यात पहिली पाळी, पुढील आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि मुलांच्या शाळेची रविवारी, म्हणजे बाप घरी असतो त्या दिवशी मुले शाळेत व मुले घरी असतात त्या दिवशी बाप यंत्रावर. पथकाचा सराव रोज सायंकाळी ठरला की दुसऱ्या पाळीचा मनुष्य सोबत्याकडे पाळी बदलून मागतो. सोबती भला असला तर देतो. येथे प्रथमच असे दिसते की हौसेच्या मोलाचा एक हप्ता, ज्याने आयुष्यात कधी ढोलास हात लावलेला नाही अशा कोणी तरी भरलेला आहे!

परंतु वेळेची टंचाई हा या प्रश्नाचा गाभा नव्हे. टंचाई सर्वांसच असते. गाभा आमच्या मते निराळाच आहे. वाद्यवृंद, मग तो भजनी मंडळाचा असो वा पथकाचा, दिलेल्या शब्दावर उभा राहतो. एकटा मनुष्य घरी बासरी वाजवीत असेल तर तो केव्हाही थांबू शकेल. पण जेथे दुसऱ्याच्या ठेक्यावर तिसऱ्याचा हात पडावयाचा असतो तेथे एकाची गैरहजेरी सर्वांस नडते. म्हणून हौस ज्या दिवशी दुसऱ्या माणसाच्या हौसेशी जोडली जाते, त्याच दिवशी ती कर्तव्य होऊन बसते. आमंत्रण देणाऱ्यास या व्यवहारात ‘सुपारी देणे’ असा शब्द आहे. सुपारी देणारा तारीख ठरवितो, वेळ सांगतो, विसार हातावर ठेवतो. मित्रांस शब्द दिलेला असतो. तो मोडला तर चारचौघांत खाली पाहावे लागते. घर मात्र सुपारी देत नाही. ‘अमुक दिवशी सायंकाळी माझ्याजवळ बसा,’ असा विसार मुलीने बापाच्या हातावर ठेवल्याचे कोणी ऐकले आहे काय? आईचे गुडघे कोणत्या तारखेस दुखतील हे महिनाभर आधी ठरत नाही. घराचा हक्क हा न बोललेल्या शब्दाचा हक्क असतो. आणि बोललेला शब्द व न बोललेला शब्द यांची गाठ पडली की बोललेला जिंकतो, हा जगाचा नित्याचा अनुभव आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट ही की, या ठिकाणी घराची हानी माणसाच्या दुर्गुणाने होत नसून सद्गुणाने होत असते. व्यसनी मनुष्य घर बुडवितो तेव्हा दोष कोणाचा हे निदान स्पष्ट असते, व त्यास बोल लावता येतो. येथे तो वेळेचा पक्का आहे, शब्दाचा खरा आहे, मित्रांसाठी झिजणारा आहे. त्याच्या मंडळात त्याच्याइतका भरवशाचा कोणी नाही. गणेशोत्सवाच्या पाचव्या, सातव्या, दहाव्या दिवशी तो दुसऱ्यांच्या गणपतीपुढे अंगातून घामाच्या धारा वाहेपर्यंत वाजवितो, आणि त्याच्या घरचा गणपती त्याचा भाचा किंवा शेजारी हौदापर्यंत नेऊन पोहोचवितो. अशा माणसास रागे भरणेही कठीण. त्याची पत्नी रागे भरली तर लोक तिलाच अरसिक म्हणतील, आणि म्हणतातही.

यावर एक उपाय असा सुचविला जातो की, ज्याने त्याने एकच काय ते निवडावे. कला हवी तर संसाराची माया सोडावी आणि संसार हवा तर वाद्य खुंटीस टांगावे. थोरांची उदाहरणे या मताच्या पाठीशी उभी करण्यात येतात. पण ती जवळ जाऊन पाहिली तर निराळेच काही सांगू लागतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत ते हौसेनेच शिरले. १९०० साली त्यांची पत्नी वारली, १९०३ साली मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली, १९०४ साली दक्षिणेची यात्रा केली, आणि पुढे हिंदुस्थानी संगीताची सारी मांडणी त्यांच्या हातून घडली. त्यांनी घर टाकले असे म्हणता येत नाही. घर त्यांच्या हातून गेलेले होते. अशा दुःखातून जे निर्माण झाले त्यास नमस्कार करावा; पण ज्याचे घर दिवा लावून वाट पाहत आहे त्याने तो आपणांस मिळालेला परवाना समजू नये.

याच्या उलट रशियातील बोरोदिन. हा रसायनशास्त्राचा अध्यापक. नातेवाइकांनी व विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या घरात राहणारा, स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे म्हणून खपणारा. ‘प्रिन्स इगोर’ हे संगीतनाट्य त्याने १८६९ साली हाती घेतले आणि १८८७ साली तो वारला तेव्हा ते अपुरेच होते. रिम्स्की-कोर्साकोव्ह व ग्लाझुनोव्ह या मित्रांनी ते पुरे केले. रसिकांस याची हळहळ वाटते आणि ती साहजिक आहे. परंतु त्या अठरा वर्षांत ज्यांच्यासाठी त्याने लेखणी खाली ठेवली असेल त्यांनाही कोणी विचारावयास हवे होते.

आता दूर देशी कशाला जावे? तळवड्याच्या शेजारीच, हाकेच्या अंतरावर म्हणावे अशा देहूस, या प्रश्नाचा सर्वांत मोठा दाखला आहे. तुकोबांचे संगीत म्हणजे भजन आणि कीर्तन. त्यांच्या घरी जिजाबाई व मुलेबाळे. दुष्काळात पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेलेली. कर्जखते इंद्रायणीत बुडविताना धाकट्या भावाच्या वाट्याची खते तुकोबांनी त्याच्याकडे ठेवली व आपल्या वाट्याची तेवढी बुडविली, असे परंपरा सांगते. हा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. जे स्वतःचे तेच त्यांनी सोडले, दुसऱ्याच्या हिश्शास हात लावला नाही. तरीही जिजाबाईंच्या वाट्यास काय आले? भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढणे. कित्येक कीर्तनकार या बाईंना कजाग ठरवून सभेस हसवितात. हे हसू आम्हांस कधीच रुचलेले नाही. तुकोबांचे वैराग्य हा इतिहासातील एक अपूर्व चमत्कार होय; पण त्या चमत्काराचा शिधा जिजाबाईंच्या चुलीवर शिजत होता. शिवाय तुकोबांनी कीर्तनाचे मोल घेऊ नये, तेथले अन्नदेखील घेऊ नये, असा दंडक घातला. असा दंडक पाळणाऱ्याने त्यांचे नाव घ्यावे. वरातीत वाजवून मध्यरात्री घरी येणाऱ्याने बायको बोलली की ‘तुकोबांची जिजाई’ म्हणून विनोद करणे, हे संतांस व त्या माउलीस, दोघांसही कमी लेखणे आहे.

हौशी माणसास दाखला हवाच असेल तर तो थोडा पुढे चाकणच्या रस्त्यावर सापडेल. तुकोबांचे चौदा टाळकरी परंपरेने सांगितले आहेत. त्यांपैकी चाकणचे संताजी जगनाडे हे एक. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. लोक त्यांना आजही संताजी तेली या नावाने ओळखतात, म्हणजे टाळ हाती आला तरी घाण्याची ओळख पुसली गेली नाही. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेविले, आणि त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. त्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे. मुख्य गाणारा होण्याचे भाग्य चौदांपैकी कोणासच नव्हते. मागे उभे राहून टाळ धरावयाचा, ध्रुपद उचलून धरावयाचे, एवढेच त्यांचे काम. आणि नेमके हेच हौशी माणसाचे खरे स्थान आहे, असे आम्हांस वाटते. त्यात उणेपणा मुळीच नाही.

‘संध्याकाळ माझी आहे, मी ती कोठेही घालवीन,’ असे पुष्कळांच्या तोंडून निघते. एकत्र कुटुंबाची मिळकत एका हिस्सेदाराने इतरांस न विचारता परस्पर विकली तर ते त्यास आव्हान देऊ शकतात, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. संसारी माणसाची संध्याकाळ ही अशीच समाईक मिळकत होय. ती देऊ नये असे नाही. परस्पर देऊ नये. पण याचीही दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिळकत समाईक असली तरी वाजविणाऱ्याचाही तीत हिस्सा आहेच. घरासाठी म्हणून पखवाज खुंटीस टांगणारे आणि पुढे वीस वर्षे त्या त्यागाचे व्याज घरच्यांकडून वसूल करणारे गृहस्थ सर्वांच्या पाहण्यात असतील. भाजीत मीठ कमी पडले तरी यांना पखवाज आठवतो. असा त्याग घरास हौसेहून महाग पडतो. आठवड्यातून दोन रात्री तल्लीन होऊन वाजविणारा आणि तेथून हलक्या मनाने परतणारा बाप, सातही रात्री घुम्यासारखा घरी बसणाऱ्या बापाहून मुलांस अधिक लाभतो. म्हणून, विचारणे याचा अर्थ परवानगी मागणे असा नसून, सुपारी घेण्याआधी ज्याच्या वाट्याचे आपण देणार आहोत त्याच्यापुढे हिशेब मांडणे, असा आम्ही करतो. हिशेब मांडला की कित्येकदा घर स्वतः होऊनच म्हणते, जा.

स्त्रियांच्या बाबतीत हा सर्व विचार एकदम उलटा होतो, हे येथे सांगितले पाहिजे. महिलांची भजनी मंडळे बहुधा दुपारी भरतात. दुपार ही घरातील कोणाच्याही वाट्याची नसते म्हणून. अलीकडे पथकांतही मुली मोठ्या संख्येने ढोल बांधतात. पण विवाहित स्त्री सरावास निघाली की ती आधी कणीक मळून, भाजी करून, मुलाचा अभ्यास घेऊन निघते. आपल्या हौसेचे मोल ती आगाऊ चुकते करते. पुरुष निघतो तेव्हा मोल मागाहून येते, आणि ते ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता त्याच्या घरचाच असतो. एकाच वाद्याचे, एकाच मैदानावरचे दोन वादक. एक देऊन आलेला, एक दुसऱ्याच्या नावे मांडून आलेला. ज्यास हा फरक दिसत नाही त्याने एक महिनाभर आपल्या घरच्या स्त्रीला पेटीच्या शिकवणीस सायंकाळी सात वाजता पाठवून पाहावे.

मित्रांची गोष्ट आणखी नाजूक आहे. चार मित्र एकत्र बसले, हात जुळला, गाडी चालू लागली. मग पहिली सुपारी येते आणि पैसा आत येतो. ध्वनिक्षेपक ज्याचा त्यास अधिक द्यावे काय, गाडी भाड्याने आणली तिचे कोणी द्यावे, हे प्रश्न कसेबसे सुटतात. न सुटणारा प्रश्न पुढचा: पहिल्या चारांतील एकाचा हात कच्चा आहे, आणि त्याच्याहून चांगला वाजविणारा आता मिळतो आहे. भजनी मंडळात हा प्रश्न उत्पन्नच होत नाही. ज्याचा सूर लागत नाही त्याच्या हाती टाळ देतात, टाळही चुकला तर तो टाळ्या वाजवितो, पण आवाज वाईट म्हणून वारकऱ्याने कोणास पंगतीतून उठविल्याचे आम्ही ऐकलेले नाही. सुपारी घेणाऱ्या मंडळीस मात्र ऐकणाऱ्याचेही देणे असते. मोल घेऊन वाईट वाजविणे हीसुद्धा एक फसवणूकच होय. तेव्हा मैत्री राखावी की मेळ, हे पैसा स्वीकारण्याच्या वेळीच, सर्वांच्या समोर बोलून ठरविले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तसे होत नाही. कच्च्या हाताच्या मित्रास कोणी काही सांगत नाही. केवळ पुढच्या सरावाचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. निर्दयपणाचे इतके सभ्य रूप दुसरे नसेल. त्याला काय झाले हे पंधरा दिवसांनी कळते, आणि पुढे कित्येक वर्षे तो त्या रस्त्याने जाताना वाट बदलतो.

या सर्व ओढाताणीचा विचार करताना आम्हांस वारंवार आठवतो तो या पंचक्रोशीतील अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस पहाटेचा काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व जागर असा क्रम चालतो. आणि या सर्वांच्या मध्ये एक वीणा असते, ती सात दिवस व सात रात्री खाली ठेवावयाची नाही असा नियम. एका माणसाने हे होणे शक्य नाही. म्हणून वीणेचे पहारे वाटून देतात. कोणी किती वाजता उभे राहावयाचे, हे आधी विचारून, ज्याला जी वेळ साधेल ती पाहून ठरते. रात्रीचे पहारे तरुणांकडे येतात, दुपारचे वृद्धांकडे, आणि दुसऱ्या पाळीहून सुटलेल्या कामगारास मध्यरात्रीनंतरचा पहारा सोयीचा पडतो, कारण झोप तशीही लागलेली नसते. ठरल्या वेळी पुढचा मनुष्य पाय धुऊन येतो; दोघे एकमेकांच्या पाया पडतात; वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नामाचा सूर खंडत नाही, आणि पहिला मनुष्य चपला शोधून घरी जातो. तो गेल्याबद्दल त्यास कोणी बोल लावीत नाही, किंवा थांबला असता तर अधिक भक्त ठरला असता असेही कोणी मानीत नाही. आपला पहारा झाल्यावरही वीणा न सोडणारा मनुष्य उलट पुढच्याची पाळी अडवितो. घरी गेल्यावर दार उघडणारी व्यक्ती जागी आहे की निजलेली, यावर त्याचा पुढचा पहारा कोणत्या वेळेचा घ्यावयाचा ते ठरते. आणि ते ठरविताना, पहारे लिहिणारा गृहस्थ वही पुढे ओढून पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, घरी विचारून आला आहात ना?